७९२वरचा गडी

हडपसरला सोलापूर रस्त्यावर एका थांब्याला लोक नुसतं ‘आकाशवाणी’ म्हणतात. तिथे गाणारं-बोलणारं कुणी नसतं. निवेदक, गायक शिवाजीनगरच्या केंद्रात. त्यांचा आवाज रानोमाळ नेणारा गडी मात्र इथला: पुणे केंद्राचा १०० किलोवॅटचा मध्यमलहर प्रक्षेपक.

मध्यमलहरीचा माणूस मातीचा. त्याचा मनोरा म्हणजेच एरियल, आणि बुडापासून तांब्याच्या तारा मुळ्यांसारख्या जमिनीत पसरलेल्या. दिवसा त्याचा आवाज जमिनीला धरून चालतो, डोंगराला वळसा घालून पलीकडच्या वाडीत उतरतो. एफएमचा आवाज स्वच्छ खरा, पण डोंगर आडवा आला की अडखळतो. अंधार पडला की याच्या लहरी आकाशातल्या थरावर आपटून दूरच्या मुलखात उतरतात. म्हणून रात्री खरखरही वाढते, परक्या भाषा मध्येच घुसतात. त्या खरखरीचा मला कधी राग आला नाही.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर गीतरामायण झालं: माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली, ५६ गीतं. घरोघरी लोकांनी रेडिओच्या संचाला हार घातले, उदबत्त्या लावल्या. प्रक्षेपकाच्या वाट्याला असं कौतुक कधी येत नाही.

पण मला गीतरामायणाइतकंच मोठं वाटतं ते १९५६चं काम. युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं, दहा आठवडे, आठवड्याला दोन कार्यक्रम. गावातली माणसं संचाभोवती एकत्र बसायची, कार्यक्रम संपला की संच बंद करून आपसांत बोलायची: हे आपल्या गावात जमेल का? त्यांचे प्रश्न केंद्राकडे जायचे आणि उत्तरं पुन्हा हवेतून यायची. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही सभेत मत होतं. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचा अभ्यास केला आणि पुढे देशभर अशी मंडळं निघाली. रेडिओ हे एकतर्फी माध्यम, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

१९७८च्या नोव्हेंबरात मध्यमलहरींवरच्या जागांची, म्हणजे कंप्रतांची, नवी आंतरराष्ट्रीय वाटणी अमलात आली. आपल्याकडे प्रत्येक जागा ९च्या पाढ्यात बसली. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ८८ नवे. नागपूरचे ५८५, सांगलीचे १२५१, तेही त्याच पाढ्यातले. कित्येक घरांत हे आकडे फोन नंबरांसारखे पाठ होते.

आता नव्या मोबाइलमध्ये मध्यमलहर नसते. तेव्हा घरात जुना संच असेल, तर भंगारात देण्याआधी एका रात्री दिवे मालवून त्याचा काटा अगदी सावकाश फिरवून पाहा.