पातळ भिंतींचे घर

जपानमध्ये कोबेला लेकीकडे पोहोचले, त्याच रात्री मी भिंतीवर टिचकी मारून पाहिली. आवाज अगदी पोकळ! आत लाकडी सांगाडा, वरून जिप्समचे तक्ते.

"पुठ्ठ्याच्या घरात राहता गं तुम्ही!" मी म्हटले. माझे माहेर लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. आमच्याकडे भिंत म्हणजे हात-दोन हात रुंद, दगडमातीची आणि वर माळवद. लेक नुसती हसली.

हळूहळू घरातल्या एकेक गोष्टी नजरेत भरू लागल्या. कपाटे भिंतीला पट्ट्यांनी जखडलेली. दाराशी एक पिशवी, तिच्यात पाणी, बॅटरी, बिस्किटे. जोराचा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप गॅस बंद करतो. संध्याकाळी पाचला वस्तीतल्या भोंग्यावर एक गोड धून वाजते आणि मुले खेळ टाकून घरी पळतात. संकटाची सूचना देणारे भोंगे नीट चालतात की नाही, याची ही रोजची तपासणीच असते.

शेजारी नवे घर उठत होते. काम सुरू होण्याआधी ठेकेदाराचा माणूस टॉवेलची भेट घेऊन आला. 'तुम्हाला त्रास होईल, माफ करा' म्हणत वाकून गेला! जागेभोवती कापड ताणलेले. फटीतून डोकावले, तर खांब आणि तुळया जिथे भेटतात तिथे लोखंडी पट्ट्या, चौकटीत तिरके आधार. जावईबापूंनी समजावले, "आई, भूकंपात घराचे वजनच घराचा शत्रू होते. हलके आणि चारी बाजूंनी नीट बांधलेले घर एकसंध हलते, पण उभे राहते."

इथले सगळेच गोड नाही. शेजारच्या घरातला खोकला ऐकू येतो, थंडीत घर गारठते. लाकडी घराचे आयुष्य करासाठी अवघे 22 वर्षे धरतात. तीस-चाळीस वर्षांत पाडून नवे बांधणारे पुष्कळ. सात पिढ्यांसाठी बांधणाऱ्या आपल्याला हे पचत नाही.

एका रविवारी बंदरावरच्या मेरिकेन पार्कमध्ये गेलो. तिथे फुटलेल्या धक्क्याचा एक भाग, कललेल्या दिव्यांसह, तसाच जपून ठेवला आहे. 17 जानेवारी 1995, पहाटे 5 वाजून 46 मिनिटे. 6,434 माणसे गेली. कित्येक जण जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांखाली सापडले. 1981च्या कडक नियमांनुसार बांधलेली घरे पुष्कळ तगली. म्हणजे नुसते लाकूड वाचवत नाही, तसा नुसता दगडही नाही.

मला किल्लारी आठवली. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेले, माणसे गाढ झोपेत. माझी मावशी तिच्या माळवदाखालीच गेली. जाड भिंती, डोक्यावर मातीचे ओझे आणि त्यांना एकत्र धरणारे काहीच नाही. आम्ही इतकी वर्षे नशिबाला बोल लावत होतो.

परतल्यावर माहेरी गेले. भाऊ नवी खोली बांधत होता. "बघ ताई, भिंत कशी जाडजूड!" तो म्हणाला. मी टिचकी मारली नाही. एवढेच विचारले, "दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घेतलास का?"

तो गप्प झाला. मग गवंड्याला हाक मारून म्हणाला, "आजचं काम थांबवा. आधी इंजिनिअरला बोलावू."