खांडसच्या बाजूनं भीमाशंकर

घोडेगाव, डिंभे मागे टाकत एसटी भीमाशंकरला पोचते आणि प्रवासी पायऱ्यांच्या तोंडाशीच उतरतात. दर्शन होतं, प्रसाद मिळतो, संध्याकाळी परतीची गाडी असते. या वाटेनं देव भेटतो. डोंगर कळत नाही. डोंगर कळायला कोकणातून वर यावं लागतं. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस गाठायचं आणि तिथून चालायला लागायचं.

खांडसला उतरल्यावर समोर सह्याद्रीची सरळ भिंत उभी राहते. नीट पाहिलं तर ती एकसंध नाही. काळा कातळ, मग रानाचा हिरवा पट्टा, वर पुन्हा कातळ, पुन्हा रान. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच वाहिला नाही. थरावर थर साचत गेले. कठीण थरांचे कडे झाले. मऊ थर झिजले, त्यांवर माती धरली आणि झाडी वाढली. कड्याच्या मध्यावरच्या अशा सपाटीला आपल्याकडं पदर म्हणतात. भीमाशंकरची चढण म्हणून दोन टप्प्यांची आहे: खांडस ते पदर आणि पदर ते माथा. दोन्ही टप्प्यांची तऱ्हा अगदी वेगळी.

पहिला टप्पा दोन घाटांनी चढता येतो. गावापुढच्या पुलाजवळ वाट फुटते. डावीकडची शिडी घाटाला जाते, उजवीकडची गणेश घाटाला. गणेश घाट लांबचा आणि सौम्य आहे. वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं. शिडी घाट कड्याला थेट भिडतो. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस शिडीच्या वाटेला जाणार नाही, गुरं तर मुळीच नाहीत. त्यामुळं ओझ्याची माणसं गणेश घाटानं आणि मोकळ्या हातांची, घाईची माणसं शिडीनं जात असावीत असं दोन्ही वाटा पाहिल्यावर वाटतं. आम्ही शिडीनं चढायचं आणि गणेश घाटानं उतरायचं ठरवलं. याच क्रमानं जावं, कारण शिड्या चढताना पायाखालची पायरी दिसते, उतरताना ती चाचपावी लागते.

आमच्याबरोबर गावातले एक मामा होते. हातात कोयता, पायात साधी रबरी चप्पल. पहिली शिडी आली तशी त्यांनी आम्हाला थांबवलं, स्वतः आधी वर गेले, शिडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि मग एकेकानं यायला सांगितलं. एकावेळी शिडीवर एकच माणूस, हा त्यांचा नियम. शिड्या लोखंडी आहेत आणि कातळातल्या तुटक्या जागांना टेकवून बांधलेल्या आहेत. शिडीवर भीती कमी वाटते. खरी कसोटी लागते ती शिडी संपून कातळावर पाऊल टाकताना. तिथं धरायला गज नसतो. बोटं रुतवायला खाच शोधायची, छाती कातळापासून थोडी दूर ठेवायची आणि दोन पाय, दोन हात यांतलं एकावेळी एकच हलवायचं. मामा वरून खाच दाखवत होते, हात मात्र देत नव्हते. हात दिला की माणूस स्वतःच्या पायावरचा भार सोडतो, असं ते म्हणाले. कातळावर ते शंभर टक्के खरं आहे.

शिड्यांमधल्या आडव्या वाटेवर एका बाजूला कडा, दुसरीकडं दरी आणि मधे पाऊलभर रुंदीची जागा. कातळ कोरडा होता, म्हणून चालताना मन शांत राहिलं. याच कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि वरून पाण्याचे लोट येतात.

पदरावर आलं की सगळं बदलतं. सपाटी, विहीर, थोडी घरं. दोन्ही घाटांच्या वाटा इथं एक होतात. समोर पदरगड उभा असतो. त्याचे दोन सुळके लांबूनच ओळखू येतात; त्यांतल्या एकाला कलावंतिणीचा महाल म्हणतात. गडावर गुहा आहेत, पाण्याची टाकी आहेत, तटबंदीचा डौल नाही. हा राहण्याचा गड नव्हता, घाटवाटेवर डोळा ठेवण्याचा होता. खाली दक्षिणेला पेठचा कोथळीगड दिसतो. त्याच्या सुळक्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या वर जातात. एका घाटावर असे दोन पहारे होते, यावरून या वाटेनं काय जात-येत असेल याचा अंदाज बांधता येतो.

दुसरा टप्पा रानातला. इथं कातळ मागं पडतो आणि सावली सुरू होते. अंजन, जांभूळ, पिसा ही इथल्या सदाहरित रानाची मुख्य झाडं, आणि मधेमधे हिरडा. भर दुपारीही खाली ऊन पोचत नाही. मामांनी एकदम हात वर केला. आमच्या डोक्यावर, उंच फांदीवर शेकरू होतं. मागचे दोन्ही पाय फांदीला अडकवून ते उलटं लोंबत होतं आणि पुढच्या पंजांत फळ धरून सोलत होतं. पाठ तांबूस, पोट सायीच्या रंगाचं आणि अंगापेक्षा लांब, झुबकेदार शेपटी. सालीचे तुकडे आमच्या खांद्यावर पडत होते. ते पाच-सहा मिनिटं तसंच खात राहिलं आणि मग एकाच झेपेत पलीकडच्या झाडावर गेलं. शेकरू शक्यतो जमिनीवर येत नाही. फांदीला फांदी लागलेली नसली तर त्याचा रस्ताच बंद होतो. रानातून रुंद रस्ता काढला की या प्राण्याचं काय होतं, हे ती झेप पाहिल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनमधल्या या शेकराचं वर्णन 1831 साली प्रसिद्ध केलं आणि त्याला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. 1985 साली झालेल्या सुमारे 130 चौरस किलोमीटरच्या भीमाशंकर अभयारण्याची ओळख त्याच्यामुळंच आहे. पण हे रान 1985च्या पुष्कळ आधी राखलं गेलं होतं. आहुप्याच्या बाजूला महादेव कोळ्यांच्या देवराया आहेत. देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, एवढ्या एका नियमावर त्या टिकल्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा अभ्यासकांचं लक्ष या राखणीकडं वेधलं. हिरडा गोळा करून घर चालवणाऱ्या माणसांना झाड जगवण्याचं कारण वेगळं शिकवावं लागत नाही. गाडगीळांच्याच अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीच्या 2011च्या अहवालात इथल्या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचा आणि त्यासाठी झालेल्या रानाच्या नुकसानीचा उल्लेख आहे. वीज हवीच, पण शेकराच्या झाडांतून रस्ता काढून नको, असं मला ठाम वाटतं.

माथ्यावर नागफणीच्या टोकाशी आलो. उत्तरेला गोरखगड, मच्छिंद्रगड आणि अलीकडं सिद्धगड. सिद्धगडाकडं पाहताना 1943 सालची 2 जानेवारी आठवते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी आझाद दस्ता उभा केला आणि 1942च्या आंदोलनात मुंबईकडं वीज नेणारे मनोरे पाडले. पोलिसांचा ससेमिरा लागल्यावर दस्त्यानं सिद्धगडाच्या जंगलाचा आसरा घेतला. त्या पहाटे हॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं फौजेसह त्यांना घेरलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथंच धारातीर्थी पडले. तेव्हा भाई अवघे 30 वर्षांचे होते. ज्या रानात आम्ही हौसेनं आलो, तिथं ही माणसं थंडीत, पाठलागात, आसपासच्या गावकऱ्यांच्या भाकरीवर राहिली. त्यांची आठवण न काढता इथून पुढं जाऊ नये.

देऊळ इथून थोडं खालच्या अंगाला आहे. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे एक. गाभारा जुना, शिखराचं काम नाना फडणविसांचं. बाहेर शनिमंदिराशी टांगलेली मोठी घंटा मात्र घडणीवरूनच इथली वाटत नाही. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. वाईजवळ मेणवलीला नानांच्याच वाड्यामागच्या घाटावर तिची जोडीदारीण आहे. ख्रिस्ती चिन्हं असलेली ती घंटा शंकराच्या दारात अडीचशेहून अधिक वर्षं निर्वेधपणे वाजते आहे.

इथंच भीमा उगवते. पंढरपूरला चंद्रभागा होऊन, साडेआठशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते. आम्ही चढून आलो त्या उतारावरचं पाणी मात्र कोकणात उतरतं. मधे अंतर जेमतेम काही पावलांचं.

उतरताना गणेश घाटानं आलो. लांब वाट, पण पाय भरवशानं पडतात.

जाणाऱ्यांना एवढंच सांगेन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात शिडी घाट पूर्ण टाळा. त्या दिवसांत गणेश घाट आहे. खांडस गावातलाच वाटाड्या घ्या, मजुरी आधी ठरवा आणि ती कमी करायला भांडू नका. पाणी भरपूर न्या, रिकामी बाटली परत आणा. गाणी लावणारा स्पीकर घरी ठेवा. आणि भीमाशंकर आधी एसटीनं पाहिलं असेल, तर एकदा खांडसहून चढून पाहा.