डॉक्टर जेवायला बसलेत

सांगलीचं घर भावानं बिल्डरला दिलं आणि वाटणीत माझ्याकडे पत्र्याची एक ट्रंक आली. आत अण्णांची सिरिंज उकळायची स्टीलची डबी, काही जुनी पंचांगं आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आईनं क्रोशानं विणलेला टेलिफोनवरचा रुमाल. डायलपुरता गोल मोकळा सोडलेला. घडी उलगडली तसा वास आला. खोबरेल तेल, स्पिरिट, काथ. त्या रुमालाखालच्या रिसीव्हरला सगळ्या वाड्याचे कान आणि तोंडं लागलेली होती. वास घेत उभा होतो तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मेसेज होता, ‘झोपलात का?’ दुपारचे साडेतीन वाजले होते. खरंच झोपलेल्या माणसानं या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

अण्णा डॉक्टर, म्हणून गावभागातल्या आमच्या वाड्यात फोन आला तो आमच्याकडे. मग कितीतरी वर्षं वाड्यातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, प्रत्येक नोकरीच्या अर्जावर आमचाच नंबर, पुढे कंसात पी. पी. फोन वाजला की आई उचलायची, कोण हवंय ते विचारायची आणि मला हाक मारायची. मी पळायचो. कुणाला स्थळ सांगून आलंय, कुणाची बदली झाली, कुणाची आई गेली, यातलं मला काही ठाऊक नसायचं. दारात उभं राहून ‘तुमचा फोन आलाय’ एवढंच ओरडायचं. फोनशेजारी कॉफीचा रिकामा डबा असे. केलेल्या कॉलचे पैसे त्यात टाकायचे. काही भिडस्त माणसं आलेल्या कॉलचेही टाकत.

मागच्या सोप्यात एक निवृत्त मास्तर राहायचे. एकटेच. त्यांना कधी फोन यायचा नाही. एकदा आला, मुंबईहून, ट्रंक कॉल. मी धापा टाकत गेलो तेव्हा मास्तर सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होते. ‘मुंबई?’ म्हणाले. उठले, हातपाय धुतले, खुंटीवरचा काळा कोट काढला, अंगात घातला, एकेक बटण लावलं, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मी उंबऱ्यात नाचतोय. ‘मास्तर, चला ना, कट होईल.’ ‘होत नाही,’ ते म्हणाले. ‘पी. पी. लावलाय ना? मी बोलायला लागेपर्यंत मिनिटं मोजत नाहीत.’ मग चौक ओलांडून आले, रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. ‘हो.’ बराच वेळ काहीच नाही. ‘हो. बरं. बरं. ठेवतो.’ डब्यात नाणं टाकलं, आईकडून पाणी मागून घेतलं, उभ्यानंच प्यायले आणि गेले. काय फोन होता ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वाड्यातल्या कुणी विचारलंही नाही, आणि आमचा वाडा काही अगदीच साधुसंतांचा नव्हता.

त्या कोटानं माझी पाठ सोडलेली नाही. अजून फोन वाजला की कधीकधी मला ती बटणं आठवतात.

अण्णांचा वेगळाच शिरस्ता. सकाळचा दवाखाना आटपून ते पानावर बसले की फोन आईच्या ताब्यात. ‘डॉक्टर जेवायला बसलेत, दहा मिनिटांनी करा.’ पलीकडचा माणूसही निमूट म्हणायचा, ‘बरं बरं, होऊ दे सावकाश.’ विंचू चावत होते, बाळंतपणं अडत होती, पोरांना आकड्या येत होत्या, तरी हे चालायचं. खरोखरीची नड आईला आवाजावरूनच कळायची. तेव्हा ती काही न बोलता अण्णांच्या पुढ्यात येऊन उभी राहायची आणि अण्णा ताटावरून उठायचे. पण एरवी गावातल्या डॉक्टरला पोटभर जेवू द्यायचं असतं, याबद्दल दुमत नव्हतं.

मी मुद्रितशोधक आहे. माझ्या नजरेतून सुटलेल्या ऱ्हस्व वेलांटीनं आजवर कुणी दगावलेलं नाही. तरी अलीकडेपर्यंत माझा फोन ताटाशेजारी, लोणच्याच्या बरणीला टेकून उभा असायचा. दिवाळी अंकांच्या हंगामात रात्री अकरा वाजता एक संपादक विचारणार, ‘पान ९४ बघितलंत का?’ उचलला नाही तर तो थांबून पुन्हा लगेच वाजणार. माझा राग आहे तो या दुसऱ्या कॉलवर, आणि तो मी जपून ठेवलेला राग आहे. पहिला कॉल म्हणजे दारावरची थाप. लगोलग केलेला दुसरा म्हणजे खिडकीतून डोकावून ‘चपला तर बाहेर दिसताहेत’ असं म्हणणं. इतकं करून शेवटी उचललाच, तर नव्वद टक्के वेळा पलीकडून काय येतं? ‘काही नाही, सहज.’

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवर फोन केला. देशातला हा पहिला मोबाइल कॉल. त्या काळात बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि गंमत म्हणजे ऐकणाऱ्यालाही पडत. त्यामुळे ज्याच्याकडे मोबाइल होता तो नंबर देताना जरा आवाज खाली आणायचा, ‘अगदीच अडलं तर करा हं’ असं बजावायचा. १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण माझं मत विचाराल तर बिघाड तिथून सुरू झाला. ऐकण्याला पैसे पडत होते तोवर करणाऱ्यालाही थोडी चाड होती. पुढे २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर त्या दोन निळ्या खुणा आल्या आणि मेसेज वाचूनही गप्प राहण्याची उरलीसुरली सोय गेली.

टेलिफोन ज्याच्या नावावर आहे त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं स्वतःच्या अभ्यासिकेत टेलिफोन ठेवला नव्हता; कामात व्यत्यय येतो म्हणून. १९२२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या बेडेक या गावाजवळ त्याचा दफनविधी झाला, तेव्हा उत्तर अमेरिकेतली टेलिफोन सेवा एक मिनिट बंद ठेवली होती. सगळीकडचे फोन गप्प. हे मी कुठल्याशा लेखाची प्रुफं तपासताना वाचलं आणि त्या मिनिटाचा मला हेवा वाटला. लेखात ‘श्रद्धांजली’ चुकीचं छापलं होतं, ते दुरुस्त केलं.

तर गेल्या पावसाळ्यापासून मी फोनला जागा नेमून दिली. तो बाहेरच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर असतो. वाजला की मी उठून जातो. पोचेपर्यंत थांबला तर थांबला. मेसेजचे आवाज बंद, निळ्या खुणा बंद. सोसायटीचा गट सोडला, शाळेच्या बॅचचा सोडला. तिथं रोज पहाटे सूर्योदयाची तीच ती चित्रं यायची, आणि पाठवणारे सगळे आठला उठणारे. संध्याकाळी वेताळ टेकडीवर फोन नेत नाही. किती पावलं झाली ते त्यामुळे कळत नाही. सुरुवातीला मांडीपाशी उगाच काहीतरी थरथरल्यासारखं व्हायचं आणि हात रिकाम्या खिशात जायचा. तेही गेलं.

लोकांना हे रुचलं नाही. धाकट्या बहिणीनं दुसऱ्या दिवशी गाठलं. ‘दादा, मला वाटलं तू गेलासच.’ म्हटलं, ‘गेलो असतो तर तुला फोन आला असता.’ ती आठवडाभर बोलली नाही. एका मित्रानं मला गर्व झालाय असं दुसऱ्या मित्राला सांगितलं. आजारपण, परगाव, रेंज नाही, यांतलं काहीही चालतं. ‘होतो घरातच, पण बोलायचं नव्हतं’ हे मात्र चालत नाही.

आमच्या सांगली जिल्ह्यानं मात्र एक झकास काम केलंय. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणून पोरांच्या हाती फोन गेले, शाळा उघडल्या तरी ते हातातून सुटेनात, तेव्हा २०२२ साली गावानं मिळून हे ठरवलं. मला त्यातलं आवडतं ते भोंग्याचं असणं. एकट्यानं फोन बंद केला तर माणूस तऱ्हेवाईक ठरतो. गावानं केला की तो नुसता वडगावचा माणूस राहतो.

सांगली म्हटलं की लगेच दुसरी बाजूही समोर येते. ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाशी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलेलं. भाऊ गावभागात अडकलेला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता’ म्हणणाऱ्या त्या बाईचा आवाज मी रात्रभर ऐकत होतो. दुसरा कॉल, तिसरा कॉल, सगळे केले, लगोलग केले. पहाटे एका अनोळखी नंबरवरून भावाचा आवाज आला, ‘गच्चीवर आहोत, सगळे आहोत.’ तेव्हा फोन कृष्णेत बुडवा वगैरे भाषा मी करणार नाही. भावाचा आणि जर्मनीतल्या मुलीचा नंबर माझ्याकडे केव्हाही मोठ्यानं वाजतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी तशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालं. मी एका रविवारी हे सगळं मोठ्या उत्साहानं बायकोला समजावून सांगत होतो. ती शेंगा सोलत होती. पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमचं छान चाललंय. तुम्ही उचलत नाही, म्हणून सगळे मला करतात.’

सगळे म्हणजे बहीण, सोसायटीचे सेक्रेटरी, पान ९४ वाले संपादक. ‘प्रुफं मंगळवारी मिळतील म्हणून काल मीच सांगितलंय,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी द्या आता.’

मग मला भलतंच आठवायला लागलं. अण्णा जेवायला बसलेले असताना आई फोनपाशी असायची, हे मी आयुष्यभर सांगत आलोय. आई कधी जेवायची? ‘वहिनी जेवायला बसल्यात, दहा मिनिटांनी करा,’ असं त्या फोनवर कुणी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मास्तर. ते एकेक बटण लावत होते, मी उंबऱ्यात नाचत होतो, तितका वेळ आमच्या घरात रिसीव्हर कुणी धरला होता? एक्स्चेंजमधल्या बाईला ‘येताहेत हं, येताहेत’ असं कोण सांगत होतं? चुलीवर काय करपलं त्या दिवशी? मास्तरांचा कोट मला धाग्यादोऱ्यासकट दिसतो. आईनं कोणतं पातळ नेसलं होतं, ते काही केल्या दिसत नाही. अण्णांचं ते निवांत जेवण आणि मास्तरांचा तो रुबाब, दोन्ही आईच्या उभं राहण्यावर चालले होते.

आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. त्यांचा फोन ओट्याच्या खिडकीत, स्पीकरवर. लाटणं चालू आणि ‘हो ताई, येते ताई, आज आठ ना ताई’ हेही चालू. पाच घरची कामं, पाच घरचे फोन. त्यांना तो कपाटावर ठेवून टेकडीवर जाता येत नाही, कारण दोनदा उचलला नाही तर तिसऱ्या दिवशी त्या घरी दुसरी बाई उभी असते. रिचार्ज त्यांचा त्या भरतात. रात्री दहालाही मेसेज येतो, ‘उद्या पाहुणे आहेत, लवकर या.’ एकदा विचारलं, बंद का नाही ठेवत रात्री? मावशी हसल्या आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. त्यांच्यासाठी कुठलं विधेयक नाही आणि भोंगाही नाही.

आता आमच्या घरी सात ते साडेआठ, भावाचा आणि मुलीचा नंबर सोडला तर, आम्हा दोघांचेही फोन बंद असतात. वडगावची वेळ उचलली. बायकोनं संपादकांना स्वच्छ सांगितलं की प्रुफांचं यांनाच विचारा, आणि दिवसाउजेडी विचारा. पान ९४ मंगळवारी गेलं आणि अंक वेळेवर निघाला. तुम्ही फोन कमी करा की करू नका, तो तुमचा प्रश्न. एवढं मात्र करा, कामाला येणाऱ्या बाईंना रात्री आठनंतर फोन करू नका. उद्या पोळ्या किती लागतील, ते त्या सकाळी आल्यावर सांगितलं तरी पुरतं.