त्याच समुद्रात
मालवण, ९ डिसेंबर

२०२३ साली तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला, तेव्हा युद्धनौका बघायला गर्दी लोटली होती. तो दिवस ४ डिसेंबर १९७१ ला भारतीय नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या आठवणीचा. त्या रात्री पाकिस्तानची युद्धनौका ‘खैबर’ बुडाली. दोनशेहून अधिक पाकिस्तानी नौसैनिक गेले. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. अनेकांचे देहही घरी परतले नाहीत. ज्याची मासळी रोज आमच्या ताटात येते, तोच हा अरबी समुद्र. विजयाचा अभिमान मला आहेच. पण घरात सुरक्षित बसून युद्ध मागणाऱ्या प्रत्येकाने आधी दोन्हीकडची ही माणसं मोजावीत.