कब्रस्तानाचे कुंपण

लातूरहून औशाला आणि तिथून आमच्या गावाकडे वळले की वस्ती लागण्याआधी उजव्या हाताला कब्रस्तान दिसते. मगरिबनंतर कधी तिथून गेलात तर आधी वास येईल, कुंपण नंतर दिसेल. हा मेंदीच्या फुलांचा वास. दिवसा तो फारसा जाणवत नाही, अंधार पडू लागला की पसरतो.

फूल म्हणजे मोहरीएवढ्या कळ्यांचा पांढुरका तुरा. उर्दूत आपण हिना म्हणतो. अरबीत झाडाला हिन्ना, पण फुलाला वेगळाच शब्द आहे, फागिया. मेंदी म्हटले की आपल्याला नुसती पानेच आठवतात. तिला फूल येते हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हते.

ही मेंदी १९७२ च्या दुष्काळानंतर अब्बा आणि त्यांच्या सोबत्यांनी लावली. जमीन मुरमाड, विहीर लांब. जनावरे कबरी तुडवत. दादीने अंगणातल्या झाडाच्या फांद्या दिल्या, यांनी त्या पहिल्या पावसात खोचल्या. कब्रस्तानातली मेंदी हाताला लावायची नाही, असे गावातल्या बायका म्हणत. चाँदरातीला मात्र रस्त्याकडची बाजू नेमकी ओरबाडलेली दिसे!

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा झाडांना कोण पाणी घालणार? कुंपणाची सगळी पाने गळाली, नुसत्या काटक्या उरल्या. मेले असेच आम्ही धरून चाललो होतो. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले आणि जुन्या खोडातून कोंब फुटले. त्या वर्षी अब्बा होते. काही बोलले नाहीत, फक्त एक फांदी वाकवून पाहिली.

गेल्या साली कमिटीने पक्क्या भिंतीचा ठराव केला. मला राग आला, पण कमिटीचे म्हणणे खोटे नव्हते. रस्ता रुंद होत चालला आहे, कडेला टपऱ्या आल्या आहेत, हद्दीचा वाद उद्या झाला तर झुडपे साक्ष देणार नाहीत. मी हदीसची आठवण दिली: लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तर तो सदका ठरतो. एक बुजुर्ग हसून म्हणाले, "मास्तर, मेंदी कोण खातं?" मला उत्तर सुचले नाही. शेवटी ठरले ते असे, की भिंत फक्त रस्त्याच्या बाजूला बांधायची आणि उरलेल्या तिन्ही बाजू तशाच ठेवायच्या.

ती बाजू उपटण्याआधी मी फांद्या काढून आणल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळे असलेल्या. खालची पाने काढून निम्म्या मातीत, मातीत थोडी वाळू. पिशव्या सावलीत ठेवल्या, ओल राखली, पण चिखल होऊ दिला नाही. मेंदी तहान सोसते, मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. साठांपैकी तेवीस लागल्या. बियांपासूनही रोपे होतात, पण बी बारीक आणि कवच कडक. रोज पाणी बदलत आठ-दहा दिवस भिजवावे लागते. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतला कोरडवाहू शेतात मेंदीचे पीकच घेतात. तिथल्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला कुंपणापुरती हवी तर फांदी बरी. दाट कुंपणाला दोन रोपांत फूटभर अंतर पुरे. पहिले वर्ष उन्हाळ्यात पाणी द्या, पुढे तिचे ती पाहते.

फुले हवी असतील तर मात्र कात्री आवरा. फूल नव्या फांदीच्या शेंड्याला येते. दर महिन्याला सरळ रेषेत कापलेल्या कुंपणाला फुलायला सवडच मिळत नाही. आणि रोप विकत घेताना एक पान चुरगळून ओल्या तळहातावर धरून पाहा. मेंदी म्हणून भलतेच कुंपणाचे झाड हातात ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

भिंत आता उभी आहे, चुना लावायचा राहिला आहे. तेवीसपैकी वीस रोपे शाळेच्या मागच्या तारेलगत लावली. पाण्याच्या बाटलीत उरलेले पाणी तिथे ओतायचे, असे मुलांना सांगून ठेवले आहे. तीन रोपे भिंतीच्या आतल्या अंगाला, अब्बांच्या कबरीपासून चार पावलांवर आहेत. परवा जुम्याला पाहिले, गुडघ्याएवढी झाली आहेत. फूल अजून नाही.