नमुन्याचा स्क्रू

सोनारीत ओट्यावर बसून बारीक काम करू नये, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. परंडा तालुक्यातलं आमचं हे गाव काळभैरवनाथाचं, आणि तितकंच माकडांचं. नाथाची म्हणून त्यांच्यावर कुणी हात उचलत नाही, आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. तरी मी त्या दिवशी ओट्यावर बसलो, कारण उजेड तिथं चांगला होता. समोर स्टीलची ताटली, ताटलीत चार काळे स्क्रू, मांडीवर आण्णांचा याशिका आणि शेजारी शेंगदाण्यांची वाटी. वाटी तिथं ठेवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

कॅमेरा याशिका मॅट १२४-जी. १९७० साली आलेलं हे मॉडेल. वरखाली दोन भिंगं, वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघतात. आण्णांनी या एका डब्यावर लग्नं, बारशी, मयती आणि चैत्रातल्या कितीतरी यात्रा काढल्या. आतल्या लाइट मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल पुढं बंदच झाला, पण त्यांचं काही अडलं नाही. ते आभाळाकडं एकदा बघायचे आणि आकडा फिरवायचे. पुढं डिजिटल आलं आणि कॅमेरा कपाटात गेला. वरून डोकावलं तर काचेवर धूळ आणि गुलालाचा लालसर थर दिसायचा. यात्रेच्या आधी तो साफ करून आण्णांच्या हातात ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. न सांगता. पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांमुळं झालं.

वरची घडीची टोपी काढायला चार स्क्रू. घरातला स्टार पाना लावला. पहिला स्क्रू फिरला, दुसऱ्यावर पाना घसरला आणि त्याचं तोंड गेलं. जपानी स्क्रूची चौफुली खाच आपल्या फिलिप्स पान्यासारखीच दिसते, पण पाना तिच्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की वर चढतो, हे मी नंतर शिकलो. तेव्हा वाटलं, माल जुना झालाय. चारही निघाले. मी आतल्या आरशाकडं बघतोय तेवढ्यात वाटीवर झडप आली. दाणे गेले, ताटली अंगणात उडाली.

आई दारातून म्हणाली, “तुला कितींदा सांगितलं!” खरं तर एकदाही सांगितलं नव्हतं, इतकं उघड कोण सांगत बसतं?

अंगणातली माती चाळणीनं चाळली. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून फिरवलं. आपली जमीन काळ्या दगडाची, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारी बारीक काळी रेती असतेच. दोन मिनिटांत चुंबकाला दाढी फुटली. ती दाढी कागदावर झटकून पुन्हा फिरवायचं. संध्याकाळपर्यंत एक स्क्रू सापडला. बाकीचे तीन नाहीत. मला आनंद झाला, की निदान नमुना तरी हाती आला. एकच का सापडला, हा प्रश्न मात्र डोक्यात आला नाही.

तो नमुना काडेपेटीत घालून मी परंड्याला गेलो, मग बार्शीला. चष्म्याचं दुकान, घड्याळजी, मोबाइल दुरुस्ती. सगळीकडं माझं एकच वाक्य: “असला बारीक स्क्रू द्या.” बार्शीच्या घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं, “कितीचा?” मी म्हटलं, “बारीकच.” त्यानं एक डबी पुढं सरकवली. तिच्यात शेकडो स्क्रू होते आणि सगळेच बारीक. मी चिमट्यानं तासभर निवडत बसलो आणि हात हलवत परत आलो.

मग शहाणपण सुचलं. ओळखीच्या लेथवाल्याकडं जाऊन नमुना मोजून घेतला. मायक्रोमीटरवर १.९७ आलं. म्हणजे २ मिलिमीटरचा स्क्रू. प्रत्यक्ष माप नावापेक्षा केसभर कमीच भरतं. २ चे स्क्रू मागवणं सोपं होतं. पन्नासाची पुडी आली, लांबी कानशीनं बरोबर केली. पहिल्या भोकात स्क्रू लोण्यात सुरी जावी तसा बसला. मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या भोकात तो अर्ध्या फेऱ्यात थांबला. इथं मी थांबायला हवं होतं. पण पहिला बसला होता ना! त्या एका स्क्रूनं माझी अक्कल गहाण टाकली. आत जुना रंग वाळला असेल असं म्हणून मी जोर दिला. कर्रर्र आवाज झाला, आणि स्क्रू गेला. बाहेर काढला तर आट्यांत चकचकीत पांढरा चुरा. तो कॅमेऱ्याच्या अंगाचा होता. हे कळूनही मी तिसऱ्या भोकात तेच केलं. का, हे आजही नीट सांगता येत नाही. दोन बसले तर तिसरा आपोआप बसेल, असा काहीतरी जुगाऱ्याचा हिशेब असावा. चौथ्याला मात्र धीर झाला नाही. तिथं झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला आणि टोपी दाबून धरली.

सकाळी आत बघितलं तर आरशावर पांढरी धुकट साय. हा गोंद वाळताना त्याची वाफ निघते आणि बंद जागेत ती काचेवर बसते. टोपी उचकटली आणि आरसा धोतराच्या मऊ फडक्यानं पुसला. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागं असतो, या आरशाचा पुढं. साय गेली, सोबत मुलामाही गेला; आडव्या ओरखड्यांची जाळी उरली.

त्यानंतर आण्णांना सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, ओरखडे बघितले, काही बोलले नाहीत. काडेपेटीतला नमुना तळहातावर घेतला आणि हसले.

“आरं, ह्यो कॅमेऱ्याचा न्हाईच.”

एका यात्रेत गर्दीत धक्का लागून टोपीचा एक स्क्रू पडला होता. आण्णांनी घड्याळजीकडून भोक थोडं वाढवून त्यात जाडा लोखंडी स्क्रू बसवला होता. मूळचे तिन्ही पितळेचे, वरून काळं पाणी दिलेले. चुंबकाला पितळ कशाला चिकटेल? अंगणातल्या मातीतून मी नेमका तोतया शोधून काढला, त्यालाच नमुना मानला आणि महिनाभर त्याच्या मापाचे भाऊबंद धुंडाळत फिरलो.

“मला इचारायचं न्हाई का?” एवढंच ते म्हणाले.

मूळ माप १.७. आट्यांतलं अंतर ०.३५, माझ्या २ च्या स्क्रूचं ०.४. पाच शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, अॅल्युमिनियमला दिसतो. आंतरराष्ट्रीय मापांच्या यादीत १.६ आहे, १.७ नाही, जपानी कॅमेरावाल्यांनी मात्र आपलं १.७ चालू ठेवलं. त्यामुळं दुकानात मिळतो तो १.६. त्याचे आटे जुळतात, म्हणून तो आत जातोही, पण खुळखुळतो. तोही मी लावून बघितला. एव्हाना लाज संपली होती.

खरा स्क्रू मिळायची जागा एकच: दुसरा मेलेला याशिका. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेलो. घाईत पहिल्या फेरीत अॅग्फा क्लिक थ्री घेऊन बसलो, कारण तो स्वस्त होता आणि कॅमेरा होता. प्लास्टिकच्या त्या डब्यातला एकही स्क्रू कामाचा निघाला नाही. दुसऱ्या खेपेला भिंग फुटलेला, शटर अडकलेला याशिका मिळाला. या वेळी आण्णा बरोबर होते. त्यांनी खिशातून छोटं चुंबक काढून टोपीच्या चारही स्क्रूंना लावलं, चिकटलं नाही हे बघितलं आणि मगच भाव विचारला. आरसाही त्यातलाच निघाला, कडेला डागाळलेला, पण माझ्यापेक्षा बरा.

बिघडवलेल्या दोन भोकांना इलाज नव्हता. लेथवाल्यानं ती १.६ च्या ड्रिलनं साफ करून २ चा टॅप मारून दिला. चौथ्यातला गोंद अॅसिटोननं सुटला, तिथं मेलेल्या याशिकातला पितळी स्क्रू बसला. आता टोपीला तीन लोखंडी, एक पितळी. काळा रंग दिल्यावर चारही सारखेच दिसायला लागले, तेव्हा आण्णांनी आईची नेलपॉलिश मागितली आणि पितळीवर लाल ठिपका दिला.

मग आण्णांनी खाली मान घालून टोपीतून बघितलं. ओट्यासमोरच्या भिंतीवर माकड बसलं होतं. या कॅमेऱ्यात डावं उजवीकडं दिसतं, त्यामुळं काचेत ते डावीकडं सरकलं तसे आण्णा सवयीनं नेमके उलटे वळले. मी मात्र शेंगदाण्यांची वाटी उचलून आत ठेवायला गेलो.