मुरुडचें घर

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण गेलें तें दापोली तालुक्यांतील मुरुड हेंच आमचें गांव. जंजिऱ्याचें मुरुड निराळें. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजीं कोंकण किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आमच्या घराचीं कौलें उडालीं आणि वाडींतील बहुतेक पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत ५-७ वर्षें जातात. तोंवर घराचा खर्च कोठून चालावा? विकून टाकावें, असें भाऊबंदांपैकीं दोघांनीं स्पष्टच सांगितलें. अखेर सुटींत येणाऱ्या पाहुण्यांस चार खोल्या भाड्यानें द्याव्या असें ठरलें. मात्र सामानासाठीं लाखाहून अधिक रक्कम कोणी देईना.

पहिली चूक आम्हीं तत्काळ केली. स्वस्त मिळाल्या म्हणून लोखंडी खाटा व भुशाच्या फळ्यांचीं कपाटें आणलीं. एका पावसाळ्यांत खाटा गंजल्या आणि कपाटांचीं दारें फुगून मिटेनात. ३५,००० रुपये असे गेले. खारी हवा आम्हांस ठाऊक नव्हती असें थोडेंच होतें! मोह, दुसरें काय.

मग माळ्यावर चढलों. तेथें आजोबांच्या वेळचे फणसाच्या लाकडाचे पलंग, पाट, एक डुगडुगणारें बांक आणि तांब्याचा बंब निघाला. गांवच्या सुतारानें पितळी स्क्रू घालून पलंग घट्ट केले. कपाटांऐवजीं भिंतींत खुंट्या ठोकल्या, कोनाडे चुना लावून मोकळे केले, ओल्या कपड्यांसाठीं पडवींत दोऱ्या बांधल्या. उरलेले पैसे सारे गाद्या, मच्छरदाण्या व न्हाणीघर यांवर घातले. कापसाच्या गाद्या पावसांत कुबट होतात, म्हणून काथ्याच्या आणल्या. काटकसर डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंत चालते, पाठीस टोंचणाऱ्या वस्तूंत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

वाद झाला तो ओटीवरील झोपाळ्याचा. काकूंच्या सासूबाई संध्याकाळीं त्यावर बसून वाती वळीत. परक्यांचीं मुलें त्यावर नाचणार हें काकूंस सहन होईना. देवघरास कुलूप लावलें, तशी झोपाळ्याची फळीही उतरवून माजघरांत उभी केली. कड्या तेवढ्या लोंबत राहिल्या.

२०२२ च्या दिवाळींत पहिलें कुटुंब उतरलें. त्यांतील एक वृद्ध बाई ओटीवर आल्या, रिकाम्या कड्यांकडे पाहून म्हणाल्या, "झोपाळा मोडला का हो?" काकू कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं गड्यास हांक मारून फळी बाहेर आणविली, आणि स्वतः कड्यांस तेल घालीत उभ्या राहिल्या.